ध्वनिफितीवरील लोकगीत : युअन मॅकॉल आणि ब्रिटिश गानपरंपरेचे दुसरे पुनरुज्जीवन

विसाव्या शतकात ब्रिटनमधील पारंपरिक लोकगीतांचे पुनरुज्जीवन एकदा नव्हे तर दोनदा झाले. पहिले शतकाच्या आरंभी पाद्री, संगीतशिक्षक आणि सुशिक्षित हौशी संग्राहक यांनी घडवून आणले व त्याची परिणती शाळेतल्या पियानोपाशी झाली. दुसरे पुनरुज्जीवन दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत औद्योगिक शहरांतील पबांच्या खोल्यांत, छोट्या ग्रामोफोन कंपन्यांत आणि बीबीसीच्या ध्वनिमुद्रणगृहांत उभे राहिले. या दुसऱ्या पर्वाचे सर्वांत प्रभावी आणि सर्वाधिक वादग्रस्त नाव म्हणजे गायक, गीतकार व नाटककार युअन मॅकॉल. परंपरेच्या शुद्धतेबद्दल त्यांनी जे कडक नियम घातले त्यांवरच आजवर जास्त चर्चा झाली आहे. परंतु त्यांचे टिकाऊ काम त्या नियमांत नसून, श्रमिकांच्या बोलण्याची ध्वनिफीत लावून ती पुन्हा पुन्हा ऐकण्याच्या आणि त्या बोलण्यातूनच गाणे काढण्याच्या पद्धतीत आहे, असे या काळाकडे पाहताना दिसते.

पहिल्या पुनरुज्जीवनाची पार्श्वभूमी लक्षात घेतल्याशिवाय दुसऱ्याचा रोख कळत नाही. लंडनमध्ये १८९८ साली लोकगीत संस्था स्थापन झाली, पण तिच्या कामाला वेग आला तो सेसिल शार्प या संगीतशिक्षकामुळे. १९०३ च्या सप्टेंबरमध्ये सॉमरसेट परगण्यातील हॅम्ब्रिज या गावी, तेथील पाद्री चार्ल्स मार्सन यांच्या बागेत काम करणाऱ्या जॉन इंग्लंड या माळ्याच्या तोंडचे एक गाणे शार्पनी टिपून घेतले आणि त्याच संध्याकाळी त्याला पियानोची साथ बसवून ते एका प्रशिक्षित गायिकेकडून सादर करवले. सकाळी माळ्याचे असलेले गाणे रात्री मैफलीचे झाले, आणि पहिल्या पुनरुज्जीवनाची सारी दिशा या एका दिवसात सामावलेली होती. शार्पनी पुढील वीस वर्षांत सुमारे पाच हजार चाली जमवल्या. त्यांतील सुमारे सोळाशे त्यांनी आणि मॉड कार्पेलीस यांनी १९१६ ते १९१८ या काळात अमेरिकेतील ॲपलेशियन डोंगराळ प्रदेशात, ब्रिटनमधून गेलेल्या वसाहतकऱ्यांच्या वंशजांकडून मिळवल्या होत्या. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात शार्पनी लोकगीताची जी उपपत्ती मांडली तिचे तीन घटक होते : गाणे पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालत येणे, प्रत्येक गायकाच्या तोंडी त्यात बदल होणे, आणि त्या बदलांपैकी कोणते टिकावेत याची निवड समाजाने करणे.

या उपपत्तीत समाज म्हणजे मुख्यतः खेड्यातला, निरक्षर, शेतीवर जगणारा समाज होता. इंग्लंड तोवर जगातील सर्वांत औद्योगिक देशांपैकी एक बनले होते आणि बहुसंख्य लोक शहरांत राहत होते, तरी कापडगिरण्यांतील विणकर, खाणकामगार, रेल्वेचे नोकर यांच्या गाण्यांकडे संग्राहकांचे लक्ष क्वचितच गेले. शार्प, संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जुन्या चालींमधील मोड, म्हणजे आपल्या थाटांसारख्या स्वररचना, सापडल्याचा आनंद होता आणि त्यांतून इंग्रजी संगीताला जर्मन प्रभावापासून मुक्त करता येईल अशी त्यांची उमेद होती. व्हॉन विल्यम्सच्या बाबतीत ती खरीही ठरली. मात्र गाणाऱ्यांच्या जगण्याची नोंद त्या मानाने तुटपुंजी राहिली. याला एक ठळक अपवाद पर्सी ग्रेंजर यांचा : १९०६ पासून त्यांनी लिंकनशायरमध्ये मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करून गायकाच्या श्वासाच्या जागा, लय ओढण्याच्या लकबी आणि कडव्यागणिक बदलणारी चाल जपली. त्यांच्या सहकाऱ्यांना ही यंत्राची उठाठेव फारशी रुचली नाही. अर्धशतकानंतर जे घडले ते पाहता ग्रेंजरच काळाच्या पुढे होते असे म्हणावे लागते.

युअन मॅकॉल यांचा जन्म २५ जानेवारी १९१५ रोजी मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्ड या गिरण्यांच्या शहरात झाला आणि त्यांचे मूळ नाव जेम्स हेन्री (जिमी) मिलर होते. वडील विल्यम मिलर हे लोखंड ओतण्याच्या भट्टीवर काम करणारे कारागीर, कट्टर कामगार संघटनावादी आणि म्हणूनच वारंवार बेकार होणारे गृहस्थ. आई बेट्सी घरोघरी साफसफाईची कामे करून संसार चालवत असे. दोघेही स्कॉटलंडहून पोटासाठी खाली आलेले, आणि दोघांच्याही जवळ स्कॉट बोलीतील गाण्यांचा साठा होता. हे गाणे ग्रंथातून आलेले नव्हते, पण ते शार्प यांच्या कल्पनेतल्या खेड्यातलेही नव्हते. दिव्याखांबाखालच्या, धुराने काळ्या पडलेल्या विटांच्या चाळवजा घरांत ते गायले जात होते. चौदाव्या वर्षी शाळा सुटली ती नेमकी महामंदीच्या तोंडावर. नोकरी मिळेना, तेव्हा या मुलाने सार्वजनिक वाचनालयात दिवस काढले, तरुण कम्युनिस्टांच्या संघटनेत प्रवेश केला आणि ‘रेड मेगाफोन्स’ या नावाने रस्त्यावर व कारखान्यांच्या फाटकांपुढे प्रचारनाट्ये करणारा एक चमू उभा केला.

२४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशायरमधील किंडर स्काउट या पठारावर मँचेस्टर परिसरातील सुमारे चारशे कामगार तरुणांनी सामूहिक प्रवेशसत्याग्रहासारखी चढाई केली. ही माळराने जमीनदारांनी रानपक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवली होती आणि सामान्य माणसाला तेथे पाऊल टाकण्यास मज्जाव होता. पाच तरुणांना तुरुंगवास झाला. त्या शिक्षेने उसळलेल्या लोकमताचा पुढे १९४९ च्या राष्ट्रीय उद्यानांच्या कायद्याला हातभार लागला. जिमी मिलर या मोहिमेच्या प्रसिद्धीचे काम पाहत होते आणि त्यातूनच त्यांनी ‘द मँचेस्टर रॅम्बलर’ हे गाणे रचले, जे आजही तेथील पदभ्रमण करणाऱ्यांच्या ओठी आहे. गुप्तचर खात्याने त्यांच्या नावाची नोंदवही उघडली तीही याच वर्षी.

पुढची वीस वर्षे मात्र त्यांनी गाण्याला नव्हे तर नाटकाला दिली. १९३४ मध्ये रंगकर्मी जोन लिटलवुड यांची भेट झाली, दोघांनी विवाह केला आणि ‘थिएटर ऑफ ॲक्शन’, ‘थिएटर युनियन’ अशा नाट्यसंस्था एकामागून एक काढल्या. त्याच सुमारास बीबीसीच्या मँचेस्टर केंद्रातही त्यांचा वावर सुरू झाला होता, आणि या केंद्राचा उल्लेख येथे जाता जाता करून भागणार नाही. ऑलिव्ह शॅप्ली या तेथील निर्मातीने १९३० च्या दशकाच्या अखेरीस सात टनांहून जड अशी ध्वनिमुद्रणाची मोटारगाडी घेऊन गिरणी कामगार, ट्रकचालक, खाणकामगारांच्या बायका यांच्याकडे जाऊन त्यांचेच शब्द रेडिओवर आणले. एरवी सामान्य माणसाचे म्हणणे पटकथा-लेखकाने लिहायचे आणि नटाने वाचायचे असा शिरस्ता होता. लिटलवुडही शॅप्लींसोबत काम करत होत्या. श्रमिकांचा आवाज श्रमिकाकडूनच घ्यावा ही कल्पना मॅकॉल यांच्यापाशी अचानक प्रकटली नाही. ती या वर्तुळात वीस वर्षे आधीपासून वाट पाहत होती, फक्त यंत्र खांद्यावर घेण्याइतके हलके व्हायचे होते.

१९४० च्या जुलैमध्ये जिमी मिलर सैन्यात दाखल झाले आणि डिसेंबरात छावणी सोडून पळून गेले. युद्ध संपल्यावर ‘थिएटर वर्कशॉप’ या नव्या नाट्यसंस्थेचे नाटककार म्हणून ते पुन्हा लोकांसमोर आले ते युअन मॅकॉल या नावाने. स्कॉटिश भाषाभिमानाची जी वाङ्मयीन लाट त्या काळी होती तिचा या नावावर प्रभाव होता, आणि पळपुट्या सैनिकाला नवे नाव सोयीचे होते हेही उघड आहे. पुढे अनेक संदर्भग्रंथांत त्यांचे जन्मस्थान आईचे गाव ऑखटरार्डर असे छापले गेले आणि मॅकॉलनी ते सहसा दुरुस्त केले नाही. ‘युरेनियम २३५’ सारख्या त्यांच्या नाटकांचे त्या काळी कौतुक झाले, पण आज त्यांतील एका वेगळ्याच गोष्टीची आठवण उरली आहे : १९४९ मध्ये ‘लँडस्केप विथ चिमनीज’ या नाटकात दृश्यबदलाचा वेळ भरून काढण्यासाठी त्यांनी सॅल्फर्डवर एक गाणे लिहिले, ते म्हणजे ‘डर्टी ओल्ड टाउन’. नाटक विस्मरणात गेले. १९५३ मध्ये संस्थेने लंडनच्या स्ट्रॅटफर्ड भागात कायमचे नाट्यगृह घेतले तेव्हा, हा कामगार प्रेक्षकांकडे पाठ फिरवण्याचा प्रकार आहे असे मानून मॅकॉल बाजूला झाले. तोवर त्यांना दुसरी वाट मिळाली होती.

ती वाट दाखवणारा माणूस अमेरिकन होता. ॲलन लोमॅक्स हे लोकगीतांचे विख्यात संग्राहक कम्युनिस्टविरोधी चौकशीसत्राच्या वातावरणामुळे १९५० मध्ये अमेरिका सोडून युरोपात आले आणि बीबीसीसाठी व एका ग्रामोफोन कंपनीच्या जागतिक लोकसंगीतमालेसाठी ध्वनिमुद्रण करू लागले. १९५१ मध्ये मॅकॉल त्यांना भेटले. अमेरिकेत ही चळवळ डाव्या राजकारणाशी, रेल्वे-रस्ते बांधणाऱ्यांच्या आणि कापूस वेचणाऱ्यांच्या गाण्यांशी कशी जोडली गेली होती हे लोमॅक्सनी सांगितले, आणि आईवडिलांची गाणी ही घरगुती आठवण नसून राजकीय व वाङ्मयीन सामग्री आहे हे मॅकॉल यांच्या ध्यानी आले. लोमॅक्सनीच त्यांची गाठ ए. एल. लॉइड यांच्याशी घालून दिली. लॉइड हे कोवळ्या वयात ऑस्ट्रेलियाला पाठवले गेलेले, तेथील मेंढवाड्यांवर राबलेले, पुढे व्हेलशिकारीच्या जहाजावर अंटार्क्टिकापर्यंत जाऊन आलेले स्वयंशिक्षित पंडित होते. १९४४ च्या त्यांच्या ‘द सिंगिंग इंग्लिशमन’ या पुस्तिकेने लोकगीतांची इंग्रजीत पहिली मार्क्सवादी मांडणी केली, आणि १९५२ च्या ‘कम ऑल ये बोल्ड मायनर्स’ या संग्रहाने खाणकामगारांची गाणी शार्प यांनी आखलेल्या कुंपणाच्या आत आणली. व्हॉन विल्यम्स यांच्यासह त्यांनी संपादित केलेले पेंग्विनचे इंग्रजी लोकगीतांचे पुस्तक १९५९ मध्ये निघाले. ज्येष्ठ संपादक ते पाहायला हयात नव्हते, तरी दोन पुनरुज्जीवनांची सांधेजोड या एका मुखपृष्ठावर झालेली आहे.

मॅकॉल आणि लॉइड यांनी बॅलडला केंद्रस्थानी ठेवले. बॅलड म्हणजे कथागीत : चार ओळींच्या कडव्यांतून, निवेदकाने स्वतःचे मत न घालता, खून, फसवणूक, प्रेमभंग किंवा लढाई यांची हकीकत सांगणारे दीर्घ गाणे. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा ३०५ इंग्रजी व स्कॉटिश कथागीतांचे पाठ संपादित केले होते. मराठी वाचकाला येथे पोवाडा आठवेल, परंतु पोवाड्यात शाहीर नायकाच्या बाजूने उभा राहतो, तर बॅलडचा गायक जणू साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून बोलतो. ही कोरडी, अलिप्त धाटणी मॅकॉलना रंगभूमीवरच्या माणसाच्या नजरेने मोलाची वाटली आणि १९५६ मध्ये दोघांनी मिळून अमेरिकेतील रिव्हरसाइड कंपनीसाठी चाइल्डच्या कथागीतांची विस्तृत तबकडीमाला गायली. दरम्यान बीबीसीने १९५२ मध्ये पीटर केनेडी, शेमस एनिस आदींना नोकरीवर घेऊन खेडोपाडी ध्वनिमुद्रणाची योजना हाती घेतली होती, तर एडिनबरोत हॅमिश हेंडरसन यांनी १९५३ मध्ये ॲबर्डीनच्या जीनी रॉबर्टसन यांचा शोध लावून, मेल्याचे मानलेले कथागीत कामकरी वस्तीतल्या एका स्त्रीच्या कंठात जिवंत आहे हे दाखवून दिले.

नव्या पिढीला मात्र या साऱ्याकडे ओढले ते स्किफल नावाच्या संगीताने. गिटार, कपडे घासायची पत्र्याची फळी आणि चहाच्या खोक्याला काठी व दोरी लावून केलेले खर्जाचे वाद्य एवढ्यावर भागणाऱ्या या प्रकाराची साथ १९५६ मध्ये लॉनी डॉनेगन यांच्या ‘रॉक आयलंड लाइन’ने देशभर पसरली. हजारो मुलांनी स्वस्त गिटारी घेतल्या आणि अमेरिकन कैद्यांची व रेल्वेमजुरांची गाणी नाकातल्या उसन्या उच्चारांत म्हणायला सुरुवात केली. लाट वर्षा-दोन वर्षांत ओसरली, गिटारी उरल्या. त्या हातांना काय वाजवायला द्यायचे हा प्रश्न मॅकॉल यांच्या लंडनमधील ‘बॅलड्स अँड ब्लूज’ या मंडळापुढे आणि १९६१ च्या सुमारास त्यातून आकाराला आलेल्या ‘सिंगर्स क्लब’पुढे उभा राहिला, व त्याचे उत्तर म्हणून तो प्रसिद्ध नियम आला : मंचावर येणाऱ्याने आपल्या स्वतःच्या भाषेतील व परंपरेतीलच गाणे म्हणावे, इंग्रजाने इंग्रजी, स्कॉटने स्कॉट, अमेरिकनाने अमेरिकन. नियमामागे मंडळातल्या अमेरिकन गायिका पेगी सीगर यांचे हसू होते. लंडनच्या ठसक्यातला एक तरुण अमेरिकन कृष्णवर्णीयाचे गाणे म्हणताना ऐकून त्यांना हसू आवरेना, आणि मंडळातल्या इतरांनी उलट त्यांच्याच उसन्या गाण्यांकडे बोट दाखवल्यावर चर्चेतून हा निर्बंध ठरला, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

नियमाचा फायदा झाला हे नाकारता येत नाही, कारण गाण्यासाठी घरच्याच कपाटात शोधायची सक्ती झाल्यामुळे ईस्ट अँग्लिया, ससेक्स, नॉर्थम्बरलँड येथील गाणी तरुणांनी धुंडाळून काढली. परंतु सॅल्फर्डमध्ये वाढलेल्या, लँकेशायरच्या बोलीत लहानाचा मोठा झालेल्या आणि स्कॉट नाव धारण करून स्कॉट उच्चारांत गाणाऱ्या माणसाने जन्मभूमीची अट दुसऱ्यांना घालावी, ही विसंगती त्यांच्या विरोधकांनी तेव्हाच हेरली. आईवडिलांची भाषा हीच माझी परंपरा असे मॅकॉल यांचे उत्तर होते आणि ते पूर्ण खोटे नव्हते. पण मग परंपरा जन्माने मिळते की मेहनतीने कमावता येते, याचा निकाल त्या उत्तराने लागत नाही.

पेगी सीगर यांचा जन्म १९३५ मध्ये न्यूयॉर्कला झाला. वडील चार्ल्स सीगर संगीतशास्त्रज्ञ, आई रूथ क्रॉफर्ड सीगर आधुनिक संगीतरचनाकार आणि लोकगीतांच्या कुशल लिप्यंतरकार, सावत्र भाऊ पीट सीगर. अशा घरातून आलेल्या पेगी १९५६ च्या मार्चमध्ये लोमॅक्स यांच्या बोलावण्यावरून लंडनला आल्या आणि मॅकॉल यांच्या उरलेल्या आयुष्याच्या व कामाच्या भागीदार झाल्या. १९५७ मध्ये त्या अमेरिकेत असताना मॅकॉलनी त्यांच्यासाठी रचलेले प्रेमगीत दूरध्वनीवरून शिकवले. ‘द फर्स्ट टाइम एव्हर आय सॉ युवर फेस’ हे ते गाणे रॉबर्टा फ्लॅक यांनी १९६९ मध्ये ध्वनिमुद्रित केले, १९७१ च्या एका चित्रपटामुळे ते गाजले आणि १९७२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. भांडवली संगीतव्यापाराचा आयुष्यभर तिरस्कार करणाऱ्या कम्युनिस्ट गीतकाराच्या घरचे पुढले खर्च त्या व्यापाराने भागवले, यावर वेगळे भाष्य नको. पेगी यांचे महत्त्व मात्र त्या गीताची प्रेरणा होण्यापुरते नाही. स्वरलेखन येणाऱ्या, पाच तारांच्या बँजोपासून कॉन्सर्टिनापर्यंत अनेक वाद्ये वाजवणाऱ्या, वाद्यमेळाची रचना करणाऱ्या त्या होत्या. मॅकॉलना स्वरलिपीशी फारसे देणेघेणे नव्हते. पुढील ज्या निर्मितींवर त्यांची कीर्ती उभी आहे त्यांचे सांगीतिक बांधकाम बरेचसे पेगींच्या हातचे आहे, आणि समीक्षकांनी ते सांगायला फार वेळ घेतला.

या निर्मिती म्हणजे ‘रेडिओ बॅलड्स’, आणि त्यांची सुरुवात एका रेल्वे अपघातापासून झाली. ९ फेब्रुवारी १९५७ रोजी डर्बीशायरच्या डोंगराळ भागात बक्स्टनहून निघालेल्या मालगाडीच्या इंजिनात वाफेच्या ब्रेकची नळी फुटली. चालक जॉन ॲक्सन यांनी उकळत्या वाफेत भाजत असतानाही फायरमनला खाली उतरवले आणि स्वतः इंजिनावर राहून, उतारावर अनावर झालेली गाडी थोपवण्याचा व पुढच्यांना सावध करण्याचा प्रयत्न केला. चॅपल-एन-ले-फ्रिथ येथे ती दुसऱ्या मालगाडीवर आदळली आणि त्या गाडीच्या गार्डसह ॲक्सन मृत्यू पावले. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. बीबीसीच्या बर्मिंगहॅम केंद्रातील निर्माते चार्ल्स पार्कर यांनी या घटनेवर संगीतप्रधान कार्यक्रम लिहिण्यासाठी मॅकॉलना बोलावले. नेहमीप्रमाणे माहिती गोळा करायची, तिच्यावरून संहिता लिहायची आणि नटांकडून वाचून घ्यायची एवढाच मूळ बेत होता, व म्हणून दोघेजण खांद्यावर नेता येणारे नवे ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन ॲक्सन यांच्या सहकाऱ्यांना आणि पत्नीला भेटले. परत येऊन फिती ऐकताना मॅकॉल यांच्या लक्षात आले की रेल्वेमजुरांच्या बोलण्यात जी लय, जी उपमासृष्टी आणि धंद्याविषयीची जी माया आहे ती लेखकाला निर्माण करता येणार नाही आणि नटाच्या तोंडी ती मरून जाईल. त्यांनी सुचवले की नट नकोत, निवेदकही नको. प्रत्यक्ष माणसांचे बोलणे आणि त्यांतूनच स्फुरलेली गाणी एकमेकांत विणावीत. २ जुलै १९५८ रोजी ‘द बॅलड ऑफ जॉन ॲक्सन’ प्रसारित झाले.

आज रेडिओ आणि माहितीपटांत सामान्य माणसाचा मूळ आवाज इतका रुळला आहे की या निर्णयाचे धाडस जाणवत नाही. त्या काळी बीबीसीवर प्रमाण उच्चारांची सत्ता होती आणि बोलीभाषा बहुधा विनोदापुरती ऐकू येत असे. शिवाय तांत्रिक कष्ट अफाट होते, कारण तासन्‌तासांच्या फितींतून वाक्ये निवडून, ब्लेडने कापून आणि चिकटपट्टीने जोडून, गाण्याचा स्वर जेथे संपतो तेथेच माणसाचा श्वास सुरू होईल असा मेळ पार्करना हाताने साधावा लागे. पहिल्या प्रयोगात संगीताची सरमिसळ बरीच झाली. इंग्लिश रेल्वेच्या कथेत अमेरिकन बँजो आणि कॅलिप्सोही आले. मोटाररस्त्याच्या बांधणीवरील ‘साँग ऑफ अ रोड’ हा १९५९ चा दुसरा कार्यक्रम मॅकॉल यांच्या मते फसला. त्यात मजुरांबरोबर अभियंते व अधिकारी यांनाही जागा द्यावी लागली होती, आणि साहेबलोकांच्या बोलण्याचे पृथक्करण करताना मॅकॉलना असे आढळले की ते एकाच पट्टीत, आवाजाचा वेग न बदलता, निर्गुण शब्दांत बोलतात, तर मजूर गतकाळाची हकीकतही वर्तमानकाळात आणून, उपमांनी आणि क्रियापदांनी भरून सांगतात. या निष्कर्षात वर्गाभिमान आहे हे खरे. पण तो फिती ऐकून काढलेला निष्कर्ष आहे, घरी बसून केलेली कल्पना नव्हे.

१९६० च्या ‘सिंगिंग द फिशिंग’मध्ये ही पद्धत पूर्ण वयात आली. हेरिंग माशाच्या धंद्याचा शिडाच्या होड्यांपासून वाफेच्या आणि डिझेलच्या नौकांपर्यंतचा प्रवास, पूर्व इंग्लंड आणि उत्तर स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवरील कोळ्यांच्या तोंडून त्यात आला आहे. त्याचा कणा म्हणजे नॉर्फोक परगण्यातील विंटर्टन गावचे सॅम लार्नर, जन्म १८७८. बालवयातच समुद्रावर गेलेले, ऐंशी ओलांडल्यावरही गाण्यांचा आणि सागरी ज्ञानाचा खजिना मुखोद्गत असलेले. यावेळी ध्वनिमुद्रणगृहात कोळ्यांच्या बोलण्याची फीत गायक-वादकांना ऐकवत ठेवून त्यांनी तिथल्या तिथे साथ द्यावी अशी व्यवस्था केली गेली, त्यामुळे गाणे बोलण्यावर चिकटवल्यासारखे न वाटता बोलण्याला उत्तर दिल्यासारखे आले. ‘शोल्स ऑफ हेरिंग’ हे लार्नर यांच्या आयुष्यक्रमावर बेतलेले गीत या कार्यक्रमाचे. त्यातले शब्दप्रयोग लार्नर व दुसरे एक वृद्ध दर्यावर्दी रॉनी बॉल्स यांच्या मुलाखतींतून घेतलेले आहेत. ते प्रथम ऐकल्यावर, हे गाणे आपल्याला पूर्वीपासून ठाऊक आहे असे लार्नर म्हणाले, अशी आठवण मॅकॉल सांगत असत. त्या वर्षीचा प्री इतालिया हा आंतरराष्ट्रीय रेडिओ पुरस्कार या कार्यक्रमाला मिळाला.

पुढच्या चार वर्षांत खाणकामगार, पोलिओचे रुग्ण, किशोरवयीन मुले आणि मुष्टियोद्धे यांच्यावर एकेक कार्यक्रम झाला. सगळेच त्याच तोलाचे नाहीत. जेथे धंद्याची स्वतःची भाषा आहे तेथे, म्हणजे ‘द बिग ह्यूअर’ या खाणींवरील कार्यक्रमात, पद्धत खुलते, आणि जेथे ती नाही तेथे गाणी उपरी वाटतात. १९६४ चा ‘द ट्रॅव्हलिंग पीपल’ हा शेवटचा कार्यक्रम भटक्या जमातींवरचा. गावोगावी हुसकावल्या जाणाऱ्या या लोकांच्या मुलाखतींच्या शेवटी बर्मिंगहॅमच्या एका नगरप्रतिनिधीचे बोलणे येते. त्यांच्यातील सुधारण्यापलीकडच्यांचा नायनाटच करावा लागेल का, असे विचारल्यावर तो होकार देतो, आणि कार्यक्रम तेथेच थांबतो. नाझी छावण्या बंद होऊन तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. यानंतर खर्च परवडत नाही या कारणास्तव बीबीसीने मालिका थांबवली. आरंभी धार्मिक व पुराणमतवादी वृत्तीचे असलेले पार्कर या फिती कापता कापता डावे झाले होते. १९७२ मध्ये त्यांनाही संस्थेबाहेर पडावे लागले.

मालिका संपली तेव्हा देशभर शेकडो लोकगीतमंडळे चालू होती आणि पुनरुज्जीवनाचा ताबा मॅकॉल यांच्याकडून निसटत होता. १९६४ मध्ये त्यांनी काढलेल्या ‘क्रिटिक्स ग्रुप’मध्ये स्टॅनिस्लाव्हस्की यांची अभिनयपद्धती आणि लाबान यांचे हालचालींचे शास्त्र गायनाला लावून तरुण गायकांचे कठोर परीक्षण होत असे, फ्रँकी आर्मस्ट्राँग, सँड्रा कर यांच्यासारखे गायक तेथे घडले, आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी हा गट कडवटपणे फुटला. बाहेर मार्टिन कार्थी, शर्ली कॉलिन्स, हलचे वॉटर्सन कुटुंब आपापल्या रीतीने गात होते. १९६२-६३ च्या हिवाळ्यात लंडनला आलेल्या बॉब डिलन यांनी कार्थींकडून जुन्या इंग्रजी चाली उचलल्या, तर मॅकॉल यांनी डिलनना अगदी सामान्य वकुबाचा मुलगा ठरवले. ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या वाद्यगटाने १९६९ मध्ये पारंपरिक कथागीतांना विजेची गिटार आणि ढोल जोडले तेव्हा तर सिंगर्स क्लबचे नियम इतिहासजमा झाल्यासारखेच होते.

पुढील पिढीच्या संशोधकांनी आणखी खोलवर खणले. डेव्ह हार्कर यांनी १९८५ च्या ‘फेकसाँग’ या ग्रंथात शार्पपासून लॉइडपर्यंत सर्व मध्यस्थांवर ठपका ठेवला की त्यांनी आपल्या वर्गीय व राजकीय समजुतींना साजेसे ‘लोक’ घडवले. लॉइड यांच्याबाबत पुरावेही सापडले : खाणकामगारांचे अस्सल लोकगीत म्हणून प्रसिद्ध झालेले ‘द रिक्रूटेड कॉलियर’ हे मुळात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या रॉबर्ट अँडरसन या कवीची कविता निघाली आणि तिच्यातला तरुण खाणीत नव्हे तर शेतावर राबणारा होता. मॅकॉल यांच्यावर असा आरोप टिकत नाही, कारण त्यांनी नवी गाणी स्वतःच्याच नावावर लिहिली. पण त्यांच्याबाबत उलटा प्रश्न शिल्लक राहतो. लार्नर, बॉल्स, भटक्या वस्तीतल्या बाया यांच्या वाक्यांतून घडलेल्या गीतांचे कर्तेपण एकट्या मॅकॉल यांचे मानावे का, हे त्या गीतांच्या मुखपृष्ठांवर कोठेच विचारलेले दिसत नाही. स्टालिनचे गुणगान करणारे कथागीतही त्यांनी एकेकाळी लिहिले होते; त्यामागे कोणाचीही ध्वनिफीत नव्हती, आणि ते गाणे कोणी गात नाही.

मॅकॉल २२ ऑक्टोबर १९८९ रोजी लंडनमध्ये वारले. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपापर्यंत ते आणि पेगी संपकऱ्यांसाठी गाणी रचत होते. आयर्लंडमध्ये आणि स्कॉटलंडच्या भटक्या कुटुंबांत ‘शोल्स ऑफ हेरिंग’ व ‘द ट्रॅव्हलिंग पीपल’मधील ‘फ्रीबॉर्न मॅन’ ही गाणी वाडवडिलांची म्हणून गायली जाऊ लागली होती. शार्प यांच्या तीन कसोट्यांपैकी बदल आणि निवड या दोन या गाण्यांनी पार केल्या. अखंडतेसाठी जितका काळ लागतो तितका अजून झालेला नाही. २००६ मध्ये बीबीसीने पोलाद, जहाजबांधणी आदी विषयांवर सहा नवे रेडिओ बॅलड्स काढले, तेव्हा जॉन टॅम्स, जेझ लो, कॅरिन पोलवर्ट या गीतकारांनाही आधी मुलाखती ऐकायला बसवण्यात आले.